कबरीचा पंचनामा

परवा दुपारी गॅलरीत नखे काढत बसले असताना मला पेटार ब्लागोयेविच आठवला. तिन्हीसांजेला कोणी नखे काढायला घेतली की आमची आजी अंगावर ओरडायची आणि दिवसा काढलेलीही पुडीत बांधून घराबाहेर टाकायला लावायची. कारण विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. सर्बियातल्या किसिल्येवो गावचा पेटार १७२५ साली वारला आणि मेल्यानंतर त्याला आलेली नवी नखे चक्क सरकारी दप्तरात नोंदली गेली.

पेटारमागोमाग आठ दिवसांत गावात नऊ माणसे दगावली. तो रात्री येऊन गळा दाबतो, असे मरणाऱ्यांनीच सांगितले होते; म्हणजे पेटार व्हॅम्पायर, कबरीतून उठून जिवंतांचा जीव घेणारे प्रेत, झाला असे गावाने धरले. त्याची बायको तर गाव सोडून निघून गेली, कारण तो तिच्याकडे येऊन आपल्या वहाणा मागत होता! (वहाणा मागणारे भूत मला मनापासून आवडते.) तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता. फ्रोमबाल्ड नावाच्या अधिकाऱ्याने आधी बेलग्रेडच्या वरिष्ठांची परवानगी मागू म्हटले, पण तोवर गावच उरणार नाही, असे म्हणत लोकांनी त्याला कबरीपाशी नेले. दाढी वाढलेली, जुनी कातडी सुटून खाली ताजी कातडी आलेली, तोंडात रक्त, असे सारे त्याने लिहून ठेवले. लोकांनी प्रेताच्या छातीत खुंटा ठोकून ते जाळले, आणि या साहेबांनी अहवालाच्या शेवटी, चूक झाली असल्यास दोष माझा नसून भयाने बेभान झालेल्या जमावाचा आहे, असे जोडले. कचेरीत उमेदवारी केलेल्या कोणालाही हे वाक्य ओळखीचे वाटेल.

गावकऱ्यांच्या डोळ्यांना मात्र मी नावे ठेवणार नाही. प्रेत कुजताना पोटात वायू साठून ते फुगते, त्या दाबाने लालसर द्रव तोंडावाटे बाहेर येतो, आणि वरची कातडी नखांसकट सुटून आली की खालचा कोवळा भाग नव्या नखांसारखा दिसतो. त्यांनी पाहिले ते सगळे तिथे होतेच. पुढे १७३२ मध्ये मेद्वेजा गावच्या अशाच प्रकरणावरचा लष्करी शल्यवैद्याचा अहवाल युरोपभर गाजला आणि १७५५ मध्ये मारिया तेरेसा राणीने कबरी उकरण्यावर बंदी घातली.

तरीही रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने क्षयाचा जंतू शोधल्याला दहा वर्षे होत आली असताना, १८९२ च्या मार्चमध्ये, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडात मर्सी ब्राऊन या एकोणीस वर्षांच्या मुलीचे प्रेत बाहेर काढले गेले. तिची आई आणि बहीण आधीच क्षयाने गेल्या होत्या आणि भाऊ एडविन अंथरुणाला खिळला होता. ऐन हिवाळ्यात दोन महिन्यांपूर्वी वारलेल्या मर्सीचे शरीर टिकून होते, म्हणजे तीच कबरीतून भावाचा जीव ओढते आहे असे धरून तिचे काळीज जाळून त्याची राख पाण्यातून एडविनला पाजण्यात आली. तिच्या वडिलांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण शेजाऱ्यांनी फार आग्रह धरला तेव्हा त्यांनी हो म्हटले. एडविन मे महिन्यात गेला.