टेबल रिकामं ठेवू नये

स्प्रिंग उडाली. माझ्या छोट्या आगगाडीचे डबे जोडणाऱ्या कपलिंगमधली, जेमतेम तीन मिलिमीटरची. चिमट्याच्या टोकात नीट बसली होती, मी श्वास रोखून धरला होता, आणि तेवढ्यात ह्यांनी आतून विचारलं, "चहा टाकू का?" कुठेतरी कपाटाच्या बाजूला 'टिक्' झालं.

पुढचं, ज्याला ही सवय आहे त्याला सांगायला नको. आधी जागचं हलायचं नाही. मग मांडी चाचपायची, ओढणी झटकायची, चपलेचा तळवा बघायचा. एवढ्यात मिळाली तर नशीब. नाहीतर टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरायचा, म्हणजे बारक्यातल्या बारक्या वस्तूचीही लांब सावली पडते. मी टेबलाखाली शिरले. एक पितळी वॉशर मिळाला, वाळलेला वाटाणा मिळाला, आणि कानातल्याची फिरकी मिळाली, जिच्यापायी गेल्या दिवाळीत मी घर डोक्यावर घेतलं होतं. स्प्रिंग नाही. मग खालीच बसून राहिले. बाहेर पाऊस लागला होता आणि गुडघे उठू देत नव्हते.

आषाढ लागला की माझी गाडी घरात येते. एरवी ती परसात असते. डाळिंबाला वळसा, जास्वंदीच्या मागून, हौदाच्या कठड्याखालून पुन्हा डाळिंबाशी. पावसात तिथे काही चालत नाही. रुळांखालची बारीक खडी वाहून जाते, हरळी दोन दिवसांत रुळांखालच्या आडव्या फळ्या, म्हणजे स्लीपर, गिळते, आणि गोगलगायींना नेमक्या रुळावरूनच जायचं असतं. इंग्लंड-जर्मनीतले बागगाडीवाले थंडीत गाड्या आत घेऊन दुरुस्तीला बसतात म्हणे, आपल्याकडे चातुर्मास. तिकडे नेरळपासून माथेरान चढणारी खरी गाडीसुद्धा पावसाळ्यात बंदच असते, मग माझीनं का भिजावं? देव झोपतात, गाडी झोपते, आणि टेबलावरचा पसारा जागा होतो.

या छंदात बाजारात सगळं तयार मिळतं, असं लोकांना वाटतं. मिळतं की. जर्मनीच्या लेमान कंपनीनं १९६८ साली एलजीबी नावानं बागेतली गाडी काढली, तेव्हापासून ४५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर जग चाललंय. त्यांच्या गाड्या साडेबावीस पटींनी लहान. एक हजार मिलिमीटरला साडेबावीसनं भागा, साधारण ४५ येतात. म्हणजे ती मीटर गेजची, दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली, गाडी झाली. त्यात आल्प्स आले, लाल डबे आले, बर्फ आला. पण मला हवी बार्शी लाइट, आपल्याकडची जुनी अरुंद रुळांची रेल्वे. तिचे रूळ अडीच फुटांचे, ७६२ मिलिमीटर. ते ४५ मध्ये बसवायचे तर सतरानं भागावं लागतं. आणि सतराव्या हिश्शात जगात कुणी बार्शी लाइट विकत नाही. डबा, खिडकी, दाराची कडी, पाण्याची टाकी, सगळं घरी करायचं. रुळांतून वीज द्यायचा नाद मी केव्हाच सोडला. पितळ काळं पडतं आणि रोज कोण घासणार? बॅटरी डब्यात असते, रिमोट हातात.

त्यामुळे घरातली एकही वस्तू माझ्या नजरेतून सुटत नाही. आइस्क्रीमच्या काड्या म्हणजे तिसऱ्या वर्गाची बाकं. स्टेपलरची पिन म्हणजे दाराशेजारचा दांडा. मोडक्या छत्रीच्या काड्या मी कुणाला टाकू देत नाही, त्यांच्यासारखी सरळ आणि चिवट तार विकत मिळत नाही. रिफिलच्या नळ्या, सिमकार्ड काढल्यावर उरलेलं प्लास्टिक, लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा. हल्ली पत्रिका मोबाइलवर येतात, माझं नुकसान होतं. खडी म्हणजे क्रशरची कच, चाळून घेतलेली. त्या चाळणीवरून घरात एकदा बरंच बोलणं झालं, आता माझी चाळणी वेगळी आहे.

चाकं तेवढी घरी होत नाहीत. ती कुपवाडच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून करून घेते. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, साहेबांना पाठवा ना, त्यांना विचारून करतो." म्हटलं, साहेब घरी पेपर वाचताहेत, काय ते मलाच विचार. मग त्यानं विचारलं, आणि चांगलं विचारलं. आठ चाकांपैकी मधल्या चारांना कॉलर, म्हणजे चाक रुळावर धरून ठेवणारी कड, का नाही? मी सांगितलं, माझं वळण फार आखूड आहे, आठही चाकांना कॉलर ठेवली तर इंजिन वळणारच नाही, सरळ डाळिंबावर जाईल. त्यानं मान डोलावली. "मग मधली नुसती वजन घेणार," म्हणाला. आता तो मला पैसे कमी सांगतो आणि दर वेळी विचारतो, "चाललं का इंजिन?" मी म्हणते, "होतंय."

ते इंजिन म्हणजे बार्शी लाइटचं पहिलं, ए क्लास. लीड्सच्या किट्सन कंपनीनं बांधलेलं, पुढे आठ जोडलेली चाकं आणि मागे चार लहान. ते ज्याच्या डोक्यातून निघालं त्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपवर माझा जरा जीव आहे. अरुंद रूळ म्हणजे दरिद्री गाडी, हे त्याला मान्यच नव्हतं. कुठल्याही चाकजोडीवर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, इंजिन असो की मालडबा, एवढं एक पथ्य त्यानं धरलं. भार सारखा वाटला, की हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जातो. लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून त्यानं ते लोकांना दाखवलं, आणि १८९७ साली बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत गाडी धावली. बार्शी रोड म्हणजे आपली कुर्डुवाडी. पण मला आवडतं ते वेगळंच. हा माणूस अरबी घोडे पाळायचा, आणि पुढे रेल्वे बाजूला ठेवून विमानातून उडी मारण्याच्या पॅराशूटच्या मागे लागला. 'गार्डियन एंजल' असं त्याचं नाव ठेवलं, पहिल्या महायुद्धात ते वापरलंही गेलं. त्याच्या टेबलावर काय काय एकाच वेळी पडलेलं असेल! १९२७ मध्ये तो गेला. त्याच वर्षी बार्शी लाइट मिरजेला पोचली.

मिरजेला तेव्हा, म्हणजे माझ्या लहानपणी, तिन्ही गेज होते. मोठी गाडी, मीटर गेज आणि ही. मे महिन्यात आम्ही मिरजेहून हिच्यात बसायचो. आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला. पंढरपूर येईपर्यंत डबा भाजून निघायचा आणि दशम्या संपलेल्या असायच्या. पुढे कुर्डुवाडीला मामा. या गाडीतून उतरून शेंगा उपटून पुन्हा गाडी पकडता यायची, असं जो तो सांगतो. मी असं करताना कुणाला पाहिलं नाही. आम्हाला खिडकीतून हातही बाहेर काढू देत नसत.

मामा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होता. क्वार्टरच्या मागच्या पडवीत त्याचं टेबल होतं, जुन्या स्लीपरच्या फळ्यांचं, चौघांना उचलणार नाही असं. कडेला शेगडा, कामाची वस्तू आवळून धरायचा. वरच्या फळीला खालून बरण्यांची झाकणं ठोकलेली आणि त्या झाकणांत फिरवून बसवलेल्या बरण्या. हात वर करायचा, बरणी फिरवायची, हवा तो स्क्रू घ्यायचा. आळीतले सगळे स्टोव्ह, छत्र्या, कुलपं तिथे यायची. कुणाचं काम झालंय आणि कुणाचं नाही हे मामाखेरीज कुणाला कळत नसे. मामी म्हणायची, जरा आवरा. त्यावर मामाचं ठरलेलं उत्तर, "टेबल रिकामं ठेवू नये. रिकामं दिसलं की लोक भाजी निवडायला बसतात." आणि खरंच, एकदा तो पंढरपूरला गेलेला असताना मामीनं टेबल आवरलं आणि संध्याकाळी आम्ही सगळी पोरं त्याच टेबलाभोवती वाटाणे सोलत होतो.

एका सुट्टीत मी फार भुणभुण केली म्हणून त्यानं शेगड्यात लोखंडाचा एक तुकडा अडकवून दिला. शेगड्याचा दांडा मी जोर लावून आवळला, तर म्हणाला, "एवढं बस. धरायचंय त्याला, चिरडायचं नाही." हातात कानस दिली आणि सांगितलं, हा वरचा पृष्ठभाग सपाट कर. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. दुपारभर घासत होते. बाकीची पोरं कैऱ्या पाडायला गेली. कानस पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना उचलायची, हे तो जाता-येता सांगायचा आणि निघून जायचा. चार वाजता मी तुकडा नेऊन दिला. त्यानं त्यावर गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, ठेवला, तो उजेडाकडे धरला आणि एक डोळा मिटून बघितलं. "उजेड येतोय," म्हणाला आणि तुकडा परत दिला. रागानं नाही, शाबासकीनंही नाही. उजेड येत होता एवढंच. मी पुन्हा शेगड्यापाशी गेले. तो तुकडा शेवटी सपाट झाला की नाही ते मात्र आठवत नाही. मधे कुणीतरी आंबे कापले.

माझ्या टेबलावर आत्ता तिसऱ्या वर्गाचा एक डबा आहे, छप्पर नसलेला. पाण्याची टाकी आहे, तिला एक पाय कमी. ए क्लासचा सांगाडा आहेच. आणि स्टेशनची एक पाटी आहे, पिवळी रंगवलेली, दोन हात देऊन वाळवलेली, कोरी. पाटीवर काय लिहायचं ते ठरत नाही. जत रोड लिहावंसं वाटतं, कारण जत तिथून चांगलं लांब आहे आणि असली स्टेशनं मला आवडतात, उतरल्यावर अजून बराच प्रवास शिल्लक असणारी. पण मग ढालगाव का नाही? एक नाव लिहिलं की बाकीची सगळी स्टेशनं बाद होतात.

माणसंही मी करत नाही. सतराव्या हिश्शात साडेपाच फुटी माणूस दहा सेंटिमीटरला थोडा कमी भरतो, म्हणजे त्याला चेहरा द्यावा लागतो. बाजारातले पुतळे बघा, कुणी हात हलवतोय, कुणी बॅग उचलतोय. गाडी निघून गेली, परत आली, संध्याकाळ झाली, तरी हा आपला हात हलवतोच आहे. मला बघवत नाही. माझा डबा रिकामा धावतो. पुण्याच्या कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे कितीतरी गाड्या एकदम धावतात, दिवे लागतात, सिग्नल पडतात, आणि मी तोंडाचा आ करून बघत राहते. ते सगळं मान्य. पण मला तिथे सारखं वाटतं, यांचं टेबल कुठे आहे? ते दाखवा ना.

पाहुण्यांचं उलट असतं. त्यांना टेबल नको असतं. "चालवून दाखवा ना!" गणपतीत उघडीप मिळाली तर मी दाखवते. एक फेरी बघतात, दुसरीला टाळ्या वाजवतात, तिसरीला कुणीतरी विचारतं, किती खर्च येतो याला? चौथीपर्यंत सगळे आत गेलेले असतात, वाटली डाळ खायला. मी त्यांना दोष देत नाही. गाडी गोल फिरते, तिच्यात बघण्यासारखं ते काय असणार? मलाही पाचव्या फेरीला एखाद्या चाकाची कुरकुर ऐकू यायला लागते, आणि कधी एकदा ती उचलून आत नेते असं होतं.

त्या दुपारी मी टेबलाखाली बसलेली असताना नातू आला. वाकून बघितलं आणि विचारलं, "आजी, तू मेल्यावर हे सगळं कोण घेणार?" सून ओरडली त्याच्यावर. मी म्हटलं, ओरडू नकोस, बरोबर विचारतोय. मामा गेला तेव्हा क्वार्टर आधीच सोडलेलं होतं, ते टेबल कुठे गेलं ते कुणाला माहीत नव्हतं आणि त्या बरण्यांची तर कुणाला आठवणही नव्हती. रूळ रुंद झाले, त्याची हत्यारं कुणीतरी किलोवर दिली. कुणाचं काही चुकलं नाही. कुठला खिळा कशाचा, हे सांगणारा माणूस नव्हता.

म्हणून सध्या डब्यांवर चिठ्ठ्या लावते आहे. 'चाकं, कॉलरसह.' 'चाकं, बिनकॉलरची. ही खराब नाहीत, अशीच आहेत.' 'छत्रीच्या काड्या. टाकू नये.' सून मदत करते, तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. फक्त एका पत्र्याच्या डब्यापाशी आम्ही अडलो. तिनं विचारलं, "आई, यावर काय लिहू?" त्यात काय काय आहे ते मलाही आता नीट सांगता येईना. शेवटी 'विचारल्याशिवाय टाकू नये' असं लिहून घेतलं. कुणाला विचारायचं, ते तिनंही विचारलं नाही.