डिंक्यावरचा लेख आणि काटोलचे काकाजी

फोनवर वाचायचा शेतीविषयक मजकूर नागपुरात बसून संपादित करणं हे माझं काम. मृगाच्या तोंडावर संत्र्याच्या डिंक्या रोगावर एका तज्ज्ञांचा लेख आला. माहिती बावनकशी, पण सुरुवात 'संत्रानगरी नागपूर'पासून, मग 2014 चं भौगोलिक मानांकन. खोडातून डिंक गळताना पाहून फोन उघडणाऱ्याला पहिल्या स्क्रीनवरच उपाय दिसायला हवा. ते दोन्ही परिच्छेद काढले. 'रोग व्यवस्थापन : एक दृष्टिक्षेप' हा मथळाही गेला, त्या जागी आलं 'संत्र्याच्या खोडातून डिंक गळतोय? बोर्डो पेस्ट अशी बनवा'. लोक 'डिंक्या' असं टाकून शोधतात. 'फायटोफ्थोरा' हे बुरशीचं नाव खाली एकदा ठेवलं, बस्स.

खरी अडचण प्रमाणांत होती. खोडाला लावायची बोर्डो पेस्ट आणि झाडावर मारायची बोर्डो फवारणी एकाच वाक्यात कोंबलेली. दोन्हींत मोरचूद (कॉपर सल्फेट) 1 किलो आणि कळीचा चुना 1 किलो. पाणी मात्र पेस्टला 10 लिटर आणि 1 टक्का फवारणीला 100 लिटर. घाईत वाचणाऱ्याचा इथे हमखास घोळ होतो. म्हणून फवारणी वेगळ्या लेखात टाकली. 'योग्य प्रमाणात', 'आवश्यकतेनुसार' जिथे जिथे होतं, तिथे तज्ज्ञांना फोन करून आकडा घेतला. 'लेप देण्यात यावा'चं झालं 'जमिनीपासून साधारण 3 फुटांपर्यंत लेप लावा'.

मग तो मजकूर काटोलच्या एका बागायतदार काकाजींच्या हातात दिला आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. ही पायरी मी कधीच गाळत नाही; वाचणारा कुठे अडखळतो, कुठे उलटा मागे जातो, ते ऐकूनच कळतं. काकाजी 'मोरचूद 5 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा'पासून सरळ वाचत गेले आणि शेवटच्या 'दक्षता' परिच्छेदावर थांबले.

"लोखंडी डरम चालत नाही, हे तुम्ही आता सांगून राहिले? मी तं रात्रीच भिजवून मोकळा झालो असतो!"

अगदी खरं होतं त्यांचं. मोरचुदाच्या पाण्याला लोखंड लागलं की तांबं लोखंडावर चढतं आणि मिश्रण बिघडतं. छापील पत्रकांत दक्षता शेवटी देण्याची रीत आहे, पण माणूस फोन एका हातात धरून दुसऱ्या हातानं काम करत असतो. सूचना कृतीच्या आधीच यायला हवी. वाक्य बदललं : 'प्लास्टिकच्या बादलीत 5 लिटर पाणी घ्या, त्यात मोरचूद रात्रभर भिजवा.' चुन्याचंही तेच. पाणी घालून विरवलेला चुना पूर्ण थंड होऊ द्यायचा, हे मिसळण्याच्या वाक्यानंतर आलं होतं. ते वर नेलं. त्यानंतरच दोन्ही द्रावणं एकत्र ओतून ढवळायची.

लेखातला परडीतल्या संत्र्यांचा फोटो वगळून तिथे मिश्रणाच्या चाचणीचा फोटो लावला : तयार मिश्रणात मिनिटभर बुडवलेला लोखंडी चाकू, पात्यावर तांबूस थर. हा थर म्हणजे मोकळं तांबं उरलंय, चुना कमी पडलाय.

जाता जाता काकाजींनी विचारलं, "चुना जुना असला, हवेनं भुकटी झाला असला तं?" लेखात याचं उत्तर नव्हतं. तज्ज्ञांना पुन्हा फोन लावला आणि फोटोखाली एक ओळ वाढवली : 'जुन्या चुन्याचा जोर कमी असतो; चाकूवर थर येणं थांबेपर्यंत चुन्याची निवळी थोडी थोडी घाला आणि पेस्ट त्याच दिवशी वापरा.'