कॉन्वीला लागलेला चुना

चेस्टरकडून आलेली आगगाडी एका लोखंडी नळीत शिरते. रॉबर्ट स्टीफन्सनने बांधलेला हा पूल १८४८ सालचा. जरा वेळ काळोख, आणि बाहेर पडलो ते थेट वेल्समधल्या कॉन्वीच्या किल्ल्याखाली. किल्ला म्हटला की दोन तास घाम गाळायचा, ही आपली सवय. इथे बुरूजच डब्याच्या खिडकीशी आलेला!

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने उत्तर वेल्स जिंकून १२८३ ते १२८७ या चार वर्षांत हा किल्ला उभा केला. किल्ल्याला आठ बुरूज, शहराच्या तटाला आणखी २१. दोन्हींचा मिळून खर्च सुमारे १५ हजार पौंड.

आत शिरून एका बुरुजात मान वर केली, तर वर सरळ आभाळ. मजले गेलेत, तुळयांच्या खोबणी तेवढ्या उरल्यात, आणि शेकोटीचे कोनाडे भिंतीत अधांतरी लटकलेत. हे सगळं शत्रूने केलं असेल असं वाटलं होतं. पण १६६५ साली इथलं शिसं आणि लोखंड काढून नेलं ते खुद्द मालकाने.

खरा धक्का बाहेरच्या भिंतीने दिला. राखाडी दगडावर मधूनच पांढुरके पापुद्रे दिसतात. तो चुन्याचा गिलावा. म्हणजे ऐन भरात हा किल्ला पांढराशुभ्र होता! खाडीच्या पाण्यावर तो किती लांबून डोळ्यांत भरत असेल. हरलेल्या वेल्श माणसाला तर रोज सकाळी खुपतच असणार. आपण मात्र राखाडी पडझडीलाच 'मध्ययुगीन' समजून फोटो काढत बसतो.

१४०१च्या गुड फ्रायडेला शिबंदी प्रार्थनेला गेली होती. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वेल्श पुढारी ओवेन ग्लिनदूरच्या बंडात सामील झालेल्या ट्यूडर भावांची माणसं तेव्हा सुतार बनून दारात आली आणि किल्ला घेऊन मोकळी झाली. भिंतींना कितीही चुना लावा, पहारेकऱ्यांना लागायचा तो लागलाच.

उतरताना शहराच्या तटावरून फिरलो. एका जागी दगडी शौचकूप ओळीने बाहेर काढलेत, चांगले बारा! खाली उघडी भिंत. माहितीफलकावरच्या चित्रात सगळं कसं चकचकीत रंगवलंय. या बारा जणांखालच्या भिंतीचा रंग मात्र चित्रकाराने शिताफीने टाळलाय.