चोवीस

"चोवीस. आच्चेत्ता?" म्हणजे घेता का, असं तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं आणि मी "सी, सी", हो हो, म्हणून मोकळी झाले. त्यांचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं.

इथे इटलीत मार्क तीसपैकी, अठराला पास. पटले नाहीत तर नको म्हणायचं आणि पुढच्या तारखेला परत बसायचं. मला हे पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. माझ्या आधीच्या मुलीला त्या सव्वीस देत होत्या. तिनं शांतपणे नको म्हटलं, बाईंनी मान डोलावली, झालं. बाहेर येऊन तिनं पिशवीतून सफरचंद काढलं आणि भिंतीला टेकून खायला लागली. माझा नंबर येईपर्यंत मी त्या सफरचंदाकडेच बघत होते.

प्रश्न लिबेर पाराडिसुसचा होता. येत होता मला! १२५६ मध्ये या बोलोन्या शहरानं भूदास सोडवले, मालकांना चौदा वर्षांवरच्या माणसामागे दहा लिरे आणि लहानामागे आठ लिरे मोजून. मग सगळ्यांची नावं त्या ग्रंथात उतरवली, ५,८५५. आकडा बरोबर सांगितला. "पण का सोडवले?" मोकळा झालेला माणूस शहराला कर देणार, म्हणून. काल रात्री हेच मोठ्यानं घोकलं होतं. 'तास्से', म्हणजे कर, हा एवढासा शब्द तोंडात येईना.

पण सलतंय ते हे नाही. तो 'सी' सलतोय.

व्हिया झांबोनी रस्त्यानं परत आले. पाऊस होता, पण इथे छत्री लागत नाही. १२८८ पासून घरापुढे पोर्टिको, म्हणजे छत असलेली वाट, हवाच असा नियम होता. कुणाची तरी लाउरेआ, म्हणजे पदवी, झालेली, गाणी चालू होती. तिच्या पानांच्या मुकुटातलं एक पान खाली पडलं होतं. उचलून चुरगाळलं, तमालपत्राचा वास आला. खोलीवर येऊन रडले. आम्हाला कधी कुणी विचारलंय, एवढे पुरेत का म्हणून? ताटात पडलं ते गोड मानायचं.

आईला फोन केला. "तीसपैकी चोवीस म्हणजे ऐंशी टक्के की गं!" बाबांना तिनंच सांगितलं असेल. त्यांचं सध्या जे चाललंय, ते आत्ता नको.

मग ती म्हणाली, "परत बसायला वेळ होता का तुला?"

नव्हता. ऑगस्टच्या आत क्रेडिट व्हायला हवेत, नाहीतर स्कॉलरशिपचा पुढचा हप्ता अडकेल. म्हणजे विचार करूनही मी होच म्हटलं असतं. चोवीस माझेच आहेत, चांगले आहेत. फक्त ते विचार करून घ्यायचे होते, घाबरून नाही.

गुरुवारी पुढची तोंडी. आमटी ढवळता ढवळता "उन मोमेन्तो, पेर फावोरे", एक क्षण, प्लीज, असं चार वेळा म्हणून बघितलं. शब्द येतात. त्यानंतर क्षणभर गप्प राहायचं मात्र अजून जमत नाहीये, लगेच पुढचं बोलून जाते.