पदराला पेलेल असा माइक

‘कोणता वायरलेस माइक घेऊ?’ हा प्रश्न मला सतत येतो. मी गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या व्हिडिओत टिपून ठेवते, म्हणून असेल. तुम्हीही विचारलंत, म्हणून ठेच लागून जे कळलं ते सांगते.

एका आजींना जात्यावर बसवून मी माइकची क्लिप पदराला लावली. लुगडं धुऊन धुऊन विरलेलं. माइक तीसेक ग्रॅमचा, पण तेवढ्यानेही पदर घसरायचा आणि दर ओवीला खुंट्यावरचा एक हात काढून त्या तो सावरायच्या. त्यात कॅमेरा त्यांच्या मागे, तिरका. घरी येऊन ऐकलं, तर लेकीच्या सासरची ओवी मधूनमधून तुटलेली. हे छोटे माइक बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात आणि माणसाच्या अंगातलं पाणी त्या लहरी शोषून घेतं. माइक छातीवर, आवाज पकडणारा रिसीव्हर कॅमेऱ्यावर पाठीमागे, म्हणजे मध्ये अख्ख्या आजी. पुन्हा जाऊन ती ओवी म्हणायला सांगितली, तर म्हणाल्या, ‘आता न्हाई गं आठवत. हात फिरला की येती तोंडात.’

तेव्हापासून मी आधी एकच बघते: अंगावर लावायच्या डबीत, म्हणजे ट्रान्समीटरमध्ये, आवाज रेकॉर्ड होतो का? हवेत तुटला तरी तिथे शाबूत राहतो. रोड (Rode) कंपनीच्या २०१९ च्या पहिल्या वायरलेस गो माइकमध्ये ही सोय नव्हती, २०२१ च्या गो टू मध्ये आली. मी डीजेआय (DJI) कंपनीचा माइक २ वापरते. त्याच्या डबीत ८ जीबी जागा आहे, साधारण १४ तास मावतात. त्यात ३२ बिट फ्लोट आहे. आजी पुटपुटल्या काय नि खळखळून हसल्या काय, पातळी नंतर नीट लावता येते. फक्त हे फ्लोट डबीतल्या फाइलपुरतं, कॅमेऱ्यात जाणाऱ्या आवाजाला नाही.

मग वजनाचं काय? डीजेआयचा माइक मिनी जेमतेम १० ग्रॅमचा, पदरावर जाणवतही नाही. पण त्याच्या डबीत रेकॉर्डिंग नाही. तुम्ही आपल्याच स्वयंपाकघरात कॅमेऱ्यासमोर बोलणार असाल आणि चुकलं तर पुन्हा बोलता येणार असेल, तर खुशाल तोच घ्या, जास्त पैसे घालू नका. माझं तसं नाही. मी २८ ग्रॅमची डबी कमरेला खोचायला देते आणि तिला वायरचा कॉलर माइक जोडून तेवढाच पदराला लावते. अशी वायर लावायला ३.५ मिमीचं भोक हवं. माइक मिनीला ते नाही, हेही घेण्याआधी बघा.

खोक्यावरचे २५० मीटर, ४०० मीटर हे आकडे मोकळ्या माळरानावरचे. जत्रेत प्रत्येकाच्या खिशातला फोन त्याच लहरींवर बोलत असतो. फोनवर शूट करत असाल तर पिन तपासा. आयफोनला १५ पासून यूएसबी-सी आहे, त्याआधी लायटनिंग. वाऱ्यासाठीची केसाळ टोपी उघड्यावर लावाच.

आणि नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे आजूबाजूचा गोंगाट गाळायची सोय. रस्त्यावर ते कामाचं आहे. पण मी एकदा ते जात्यावर चालू ठेवलं आणि त्याने जात्याची घरघरच पुसून टाकली. ओवीचा ठेका त्या घरघरीवर उभा असतो. उरलेला आवाज अधांतरी वाटत होता, ऐकवेना. आता ते बंदच असतं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका आजींकडे काम आटोपलं, कॅमेरा बॅगेत गेला, चहा आला. आजी जात्याभोवतीचं पीठ कुंच्याने गोळा करत होत्या आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणायला लागल्या. भावावरची ओवी होती, दिवसभरात एकदाही न म्हटलेली. डबी त्यांच्या कमरेलाच होती, लाल दिवा लागलेला.