टोकनाला कबर नसते

मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या कोणालाही हा नियम तोंडपाठ असतो, आणि तो मलाही होता. टोकन, म्हणजे दुसऱ्या कार्डाने तयार केलेले आणि स्वतःचे कार्ड नसलेले क्रीचर (लढणारा जीव), मेले की ते ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे मेलेल्या आणि वापरून झालेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात, जाते, त्यामुळे 'क्रीचर मेले की अमुक घडेल' असे लिहिलेली सर्व कार्डे ट्रिगर होतात, आणि त्यानंतर ते टोकन खेळातूनच नाहीसे होते. ग्रेव्हयार्डमध्ये त्याचे काही उरत नाही. टोकन हे मुळात कार्डच नसल्याने, 'ग्रेव्हयार्डमधील प्रत्येक क्रीचर कार्डामागे' अशा मोजणीत ते कधीच धरले जात नाही. असे असूनही मी मेलेल्यांच्या जिवावर चालणारा टोकनांचा डेक बांधायला घेतला, आणि या नियमाचा पूर्ण अर्थ मला अनेक डाव हरल्यानंतर समजला.

कमांडर प्रकारात शंभर कार्डांचा डेक असतो, मूलभूत लँड (माना, म्हणजे कार्डे खेळण्याची किंमत, पुरवणारी साधी कार्डे) सोडल्यास कोणतेही कार्ड एकदाच घेता येते आणि प्रत्येक खेळाडू 40 लाइफने सुरुवात करतो. माझी कमांडर, म्हणजे डेकचे नेतृत्व करणारे कार्ड, आहे 2018 च्या गिल्ड्स ऑफ रॅव्हनिका या संचातली 'इझोनी, थाउजंड-आइड'. सहा माना देऊन ती मैदानात आली की आपल्या ग्रेव्हयार्डमधील प्रत्येक क्रीचर कार्डामागे 1/1 चा (एक ताकद, एक सहनशक्ती) एक काळा-हिरवा कीटक तयार होतो. शिवाय एक काळा आणि एक हिरवा माना देऊन दुसरे एखादे क्रीचर सॅक्रिफाइस केले (बळी दिले), की एक लाइफ आणि एक कार्ड मिळते. पुरलेल्या प्रत्येक देहातून एक किडा बाहेर पडतो, ही कल्पनाच मला इतकी आवडली की तिच्या किमतीकडे मी पाहिलेही नाही.

पहिल्या आराखड्यात मी सरळ दोन डेक एकमेकांना जोडले होते. एका बाजूला टोकन तयार करणारी एन्चांटमेंट (मैदानात टिकणारी जादू) आणि सॉर्सरी (एकदाच चालणारी जादू) होती, दुसऱ्या बाजूला लायब्ररीतील (अजून न ओढलेल्या गठ्ठ्यातील) कार्डे थेट ग्रेव्हयार्डमध्ये ढकलणारी, म्हणजे मिल करणारी कार्डे होती. या सगळ्यात क्रीचर उरले फक्त 24. कमांडर वगळता 99 कार्डांत 24 क्रीचर, याचा अर्थ वीस कार्डे मिल केली तरी सरासरी पाचच क्रीचर ग्रेव्हयार्डमध्ये पडणार. ज्या एन्चांटमेंटवर माझा टोकनांचा सगळा भरवसा होता, ती मिल होऊन ग्रेव्हयार्डमध्ये निरुपयोगी पडून राहत. एका डावात तर सहा माना मोजून आणलेल्या इझोनीने तीन कीटक दिले आणि समोरच्या खेळाडूने अगदी सहानुभूतीने विचारले, 'एवढेच?' आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मला त्या डावाच्या आधीच कळायला हवे होते.

त्यानंतर मी एकच कसोटी ठरवली. जे काम एखादे क्रीचर करू शकते, त्या कामासाठी दुसऱ्या प्रकारचे कार्ड घ्यायचे नाही. लँड शोधून आणण्यासाठी नेहमीच्या सॉर्सरीऐवजी 'साकुरा-ट्राइब एल्डर' घेतला. तो शत्रूचा एक हल्ला अडवतो, स्वतःला सॅक्रिफाइस करतो, मूलभूत लँड आणून देतो आणि वर ग्रेव्हयार्डमध्ये एक क्रीचर कार्ड जमा करतो. मिल करण्यासाठी 'स्टिचर्स सप्लायर' घेतला, जो एका मानात येतो, येताना तीन कार्डे मिल करतो आणि मरताना पुन्हा तीन. 'सॅटर वेफाइंडर' वरची चार कार्डे उघडतो, त्यांतील एक लँड हातात देतो आणि उरलेली ग्रेव्हयार्डमध्ये टाकतो. मोठ्या टोकनांसाठी 'हॉर्नेट क्वीन' आणि 'ग्रेव्ह टायटन' ठेवले, कारण ते जिवंतपणी सैन्य देतात आणि मेल्यावर मोजणीत येतात. अशा रीतीने क्रीचरांची संख्या 40 वर गेली. आता वीस कार्डे मिल झाली, तर सरासरी आठ क्रीचर पडतात. पाच आणि आठ यांतला फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण मैदानात तो पूर्ण तीन कीटकांचा असतो आणि पुढे त्या प्रत्येक कीटकाचे तीन-तीन ठिकाणी पैसे वसूल होतात.

या कसोटीला मी मोजकेच अपवाद केले. 2011 च्या इनिस्ट्रॅड संचातली 'स्पायडर स्पॉनिंग' ही सॉर्सरी पाच मानात ग्रेव्हयार्डमधील प्रत्येक क्रीचर कार्डामागे 1/2 चा एक कोळी देते. तिला सात मानाचा फ्लॅशबॅक आहे, म्हणजे ती ग्रेव्हयार्डमधूनही एकदा खेळता येते, त्यामुळे ती चुकून मिल झाली तरी वाया जात नाही. उलट ती ग्रेव्हयार्डमध्ये पडलेली दिसली की मला हायसेच वाटते.

ड्रेजच्या मोहाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. हे तंत्र 2005 च्या रॅव्हनिका संचात आले. कार्ड ओढण्याऐवजी ठरावीक संख्येने कार्डे मिल करायची आणि ड्रेज असलेले कार्ड ग्रेव्हयार्डमधून हातात परत घ्यायचे, असे त्याचे स्वरूप आहे. 'स्टिंकवीड इम्प' पाच कार्डे मिल करतो, 'गोल्गारी ग्रेव्ह-ट्रोल' सहा. इझोनीच्या क्षमतेने कीटक सॅक्रिफाइस करून मिळणारे प्रत्येक कार्ड ड्रेजने बदलता येते, म्हणजे एका कीटकाच्या मोबदल्यात पाच कार्डे खाली जातात. अट इतकीच की एकदा इम्प हातात आला, की तो परत ग्रेव्हयार्डमध्ये पोहोचेपर्यंत त्याचा ड्रेज वापरता येत नाही. सुरुवातीला मी अशी सहा कार्डे भरली होती. ग्रेव्हयार्ड तुडुंब भरायचे, पण हातात नवे काहीच यायचे नाही, आणि पाच-पाच वळणे तोच इम्प पुन्हा पुन्हा उचलताना आपण खेळत आहोत की खणत आहोत, हेच कळेनासे व्हायचे. आता इम्प आणि ट्रोल एवढे दोघेच शिल्लक आहेत.

कीटक तयार झाले की ते मारायचे कसे, हा खरा प्रश्न असतो. चार जणांच्या डावात समोर तीन प्रतिस्पर्धी, म्हणजे एकूण 120 लाइफ असते, आणि 1/1 च्या किड्यांनी हल्ला करून ते संपवणे अशक्यप्राय आहे. म्हणून माझे क्रीचर मेले की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे एक लाइफ घेणारी 'झुलापोर्ट कटथ्रोट' आणि 'पॉयझन-टिप आर्चर' ही कार्डे घेतली. ही दोन्ही मैदानात असताना माझे दहा कीटक मेले, तर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे वीस लाइफ जाते. सोबत 'सर कॉनराड, द ग्रिम' असेल तर तीस. कॉनराड या डेकमध्ये अगदी चपखल बसतो, कारण तो दोन्ही प्रकारच्या मृतांचा हिशेब ठेवतो. दुसरे कोणतेही क्रीचर मेले, मग ते टोकन का असेना, तरी तो प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला एक डॅमेज करतो, आणि एखादे क्रीचर कार्ड मैदानाव्यतिरिक्त कुठूनही ग्रेव्हयार्डमध्ये पडले तरीही करतो. म्हणजे माझे मिल करणेही हल्ला ठरते.

इझोनीच्या स्वतःच्या क्षमतेने दहा कीटक मारायचे, तर वीस माना लागतील. 'पिटिलेस प्लंडरर' मैदानात असेल, तर प्रत्येक मृत क्रीचरमागे एक ट्रेझर (एकदा वापरून एक माना देणारे टोकन) मिळून निम्मा खर्च परत येतो, पण खरा इलाज म्हणजे फुकटात सॅक्रिफाइस करू देणारे कार्ड. 'व्हिसेरा सीअर' आणि 'कॅरिअन फीडर' या एकेका मानाच्या दोन क्षुल्लक क्रीचरांशिवाय हा डेक जिंकूच शकत नाही, आणि नवखा प्रतिस्पर्धी नेमके त्यांनाच जिवंत सोडतो. उलट एखाद्याने सर्व क्रीचर मारणारे स्पेल टाकले, तर कटथ्रोटही कीटकांबरोबरच मरतो, मात्र एकाच वेळी मेलेल्या सर्वांसाठी तो ट्रिगर होतो. त्यामुळे समोरचा ते स्पेल हातात घेऊन बराच वेळ विचार करत बसतो. मला तो वेळ आवडतो.

दोन चुका मात्र मला वाचूनही टाळता आल्या नाहीत. पहिली 'लिव्हिंग डेथ' या कार्डाची. पाच मानात आपल्या ग्रेव्हयार्डमधील सगळी क्रीचर मैदानात येतात, त्यांत इझोनीही असेल, म्हणजे कीटकांचा पूर येईल, असा माझा समज होता. इझोनी कीटक मोजते ती तिची क्षमता रिझॉल्व्ह होताना (प्रत्यक्ष लागू होताना), आणि तोवर ग्रेव्हयार्डमधले सगळे उठून मैदानात आलेले असतात. मोजायला उरतात ती फक्त त्याच स्पेलने नुकतीच सॅक्रिफाइस झालेली क्रीचर कार्डे. मला एक कीटक मिळाला. त्या जागी आता 'व्हिक्टिमाइझ' आहे. त्यात एक कीटक सॅक्रिफाइस करायचा आणि ग्रेव्हयार्डमधील निवडलेली दोन क्रीचर मैदानात आणायची. मेलेल्या इझोनीला कमांड झोनमध्ये (कमांडरच्या राखीव जागेत) न नेता मुद्दाम ग्रेव्हयार्डमध्येच राहू दिले, तर तिथून पुन्हा खेळताना प्रत्येक वेळी दोन-दोन मानाने वाढणारा तिचा कर चुकवून ती तीन मानात परत येते.

दुसरी चूक 'स्कलक्लॅम्प' आणि 'क्रीकवुड लीज' एकत्र ठेवण्याची. स्कलक्लॅम्प +1/-1 देतो. म्हणून 1/1 चा कीटक त्याला एका मानात जोडला, की लगेच मरतो आणि दोन कार्डे मिळतात. लीज काळ्या आणि हिरव्या क्रीचरांना प्रत्येकी +1/+1 देतो, आणि माझे कीटक दोन्ही रंगांचे असल्याने ते 3/3 होतात. कीटक 3/3 झाले याचा आनंद मला तोवरच टिकला, जोवर मी त्यांपैकी एकाला स्कलक्लॅम्प जोडला आणि तो मरेचना. लीज गेला. कोळी 1/2 चे असल्याने त्यांनाही स्कलक्लॅम्प मारू शकत नाही, पण तेवढे मी सोसतो.

ग्रेव्हयार्ड हटवणाऱ्या कार्डांविरुद्ध शब्दशः वाचन उपयोगी पडते. 'रेस्ट इन पीस' सगळी ग्रेव्हयार्ड एक्झाइल करते (खेळाबाहेर काढते) आणि पुढेही कार्ड किंवा टोकन तिथे जाऊ देत नाही, त्यामुळे तिच्यापुढे माझे कीटक मरतच नाहीत आणि कटथ्रोट नुसता बघत उभा राहतो. 'लेलाइन ऑफ द व्हॉइड' मात्र फक्त कार्डांबद्दल बोलते. तिच्यामुळे इझोनीची मोजणी बंद पडते, पण टोकन कार्ड नसल्याने ती पूर्वीसारखीच मरतात आणि लाइफ खेचण्याचे काम चालू राहते. टोकनाला कबर नसल्याचा मला झालेला हा एकमेव फायदा. हॉर्नेट क्वीनसारखी कार्डे मी याचसाठी काढली नाहीत.

फुकटात येणारी आणि एका खेळाडूचे अख्खे ग्रेव्हयार्ड एक्झाइल करणारी 'टॉर्मड्स क्रिप्ट' समोर पडलेली असेल, तर शहाणा खेळाडू ती इझोनीची क्षमता स्टॅकवर (लागू होण्याच्या प्रतीक्षेत) असताना वापरतो आणि मोजणी शून्यावर आणतो. अशा वेळी मी आठ माना जमेपर्यंत थांबतो. क्रिप्ट वापरून झाली, की इझोनीची क्षमता रिझॉल्व्ह होण्याआधी 'ग्रिझली सॅल्व्हेज' हे दोन मानाचे इन्स्टंट (केव्हाही टाकता येणारे कार्ड) टाकतो, वरच्या पाच कार्डांतले एक लँड हातात घेतो आणि बाकीची चार पुन्हा ग्रेव्हयार्डमध्ये पाडतो. दोन कीटक निघाले तरी शून्यापेक्षा ते कितीतरी बरे.

टोकन दुप्पट करणारी 'डबलिंग सीझन' आणि 'पॅरलल लाइव्हज' ही कार्डे मी घ्यायला हवीत, असे मला अनेकांनी सुचवले आहे. ग्रेव्हयार्ड भरलेले असेल तर त्यांची गरज नसते आणि रिकामे असेल तर शून्याची दुप्पट शून्यच, म्हणून या डेकमध्ये ती मला नाकापेक्षा मोती जड वाटतात. सध्या डेकमध्ये 37 लँड आहेत आणि एक जागा रिकामी आहे. तिथे प्रत्येक मृत क्रीचरमागे एक लाइफ खेचणारा 'ब्लड आर्टिस्ट' बसवावा की आणखी एक फुकट सॅक्रिफाइस करणारे क्रीचर, हे अजून ठरत नाही. पुढच्या काही डावांत मी आर्टिस्ट ठेवून पाहणार आहे, कारण गेल्या वेळी बारा कीटक सॅक्रिफाइस करूनही समोरचा खेळाडू एका लाइफवर जिवंत राहिला होता.