पडद्यावरची मंडळी आणि बुधवारची सभा

रविवारची उपासना चर्चमध्ये पूर्ववत भरू लागल्याला आता बराच काळ लोटला, तरी ऑनलाइन उपासनेचे पुढे काय करायचे हा प्रश्न आमच्या मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) मंडळीत अजूनही निघतो. काहींचे म्हणणे असे की मोबाइलवर उपासना दिसू लागल्यापासून धडधाकट माणसेही घरी बसू लागली. काहींचे म्हणणे असे की ती बंद केली तर आजारी, वयोवृद्ध आणि नोकरीसाठी परगावी गेलेली माणसे मंडळीपासून तुटतील. दोन्हींत तथ्य आहे. पण ही सारी चर्चा रविवारच्या प्रक्षेपणाभोवतीच फिरत राहते, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या बंद दारांच्या काळात आमच्या मंडळीने जे खरोखर कमावले ते बुधवारी संध्याकाळी, दहा-बारा जणांच्या छोट्या ऑनलाइन सभेत कमावले, आणि मेथडिस्ट म्हणवणाऱ्यांनी सर्वांत आधी जपायला हवी ती हीच सभा, असे माझे ठाम मत आहे.

टाळेबंदी लागू झाली ती २५ मार्च २०२० रोजी, ऐन लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, काळात. झावळ्यांचा रविवार, म्हणजे येशूच्या यरुशलेम प्रवेशाची आठवण करण्याचा ईस्टरआधीचा रविवार, ५ एप्रिलला आला. त्याच दिवशी रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी दिवे लावले हे सर्वांना आठवत असेल. आमच्याकडे त्या सकाळी मुलांनी झावळ्या नसल्यामुळे कुंडीतल्या मनीप्लांटची, शेवंतीची, कोणी तर कढीपत्त्याची डहाळी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर हलवून होसान्ना म्हटले. उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जणांनी आपापल्या घरून मनन केले, आणि त्यांतले बहुतेक जण दीक्षित पाळक नव्हते, मंडळीतलेच शिक्षक, परिचारिका, बँकेतले कर्मचारी होते. सामान्य सभासदाने उभे राहून वचन सांगणे ही मेथडिस्ट परंपरेत नवी गोष्ट नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली यांच्या हयातीतच ती पसरली ती बऱ्याच अंशी अशा अदीक्षित उपदेशकांच्या पायपिटीवर.

गायनाची मात्र फार मोठी हानी झाली, आणि तिच्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही असे मला वाटते. मेथडिस्ट माणूस आपला विश्वास गाऊन शिकतो. जॉन यांचे भाऊ चार्ल्स वेस्ली यांनी सहा हजारांहून अधिक गीते लिहिली ती हौसेखातर नव्हे, तर शिकवण लोकांच्या तोंडी बसावी म्हणून. आमच्याकडे तर ‘उपासनासंगीत’ हे मराठी गीतांचे पुस्तक हाती घेतले की नारायण वामन टिळकांची पदे पानोपानी भेटतात आणि हार्मोनियम-तबल्यावर सबंध मंडळी ती एका आवाजात म्हणते. ऑनलाइन सभेत हे घडत नाही, कारण प्रत्येकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत क्षणभर उशिरा पोहोचतो आणि सर्वांनी मिळून गायला घेतले की नुसता कल्लोळ होतो. म्हणून एकाने गायचे आणि बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरात म्हणायचे, अशी रीत पडली. त्यातही झूमसारखी ॲप हार्मोनियमचा लांबलेला सूर हा गोंगाट समजून दाबून टाकत. सेटिंगमध्ये जाऊन मूळ आवाज कायम ठेवण्याचा पर्याय निवडावा लागतो हे आमच्या तरुणांनी शोधून काढेपर्यंत कित्येक गीतांच्या ओळी मधूनच गायब होत असत. तो पर्याय सापडला तरी शेजारच्या बाकावरच्या माणसाचा आवाज कानी पडणे हे काही परत आले नाही.

चर्चच्या चार भिंतींबाहेर भरलेली उपासना ही उपासनाच नव्हे, असे आमच्यातील काही ज्येष्ठ त्या वेळी म्हणत. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो, कारण नेमकी तीच भावना एके काळी स्वतः जॉन वेस्ली यांची होती. चर्चबाहेर आत्म्यांचे तारण झाले तर ते जवळजवळ पापच ठरेल असे आपल्याला वाटत असे, इतके आपण रीतिभातीला धरून होतो, असे त्यांनी आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवले आहे. तरीही त्यांचे सहकारी उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी ब्रिस्टलशेजारच्या किंग्जवूडच्या कोळसा खाणीतल्या मजुरांना उघड्यावर उपदेश केल्याचे पाहून वेस्लीही २ एप्रिल १७३९ रोजी ब्रिस्टलजवळ उघड्या जागेत उभे राहिले आणि सुमारे तीन हजार लोकांपुढे बोलले. इंग्लंडच्या मेथडिस्ट चर्चने २००४ साली ‘चर्च ऑफ फूल्स’ नावाच्या एका ऑनलाइन प्रयोगाला पाठबळ दिले होते. त्यात पडद्यावरच्या चर्चमध्ये येणाऱ्याची आकृती बाकावर बसू शके, गुडघे टेकू शके. काही उपद्रवी पाहुण्यांनी तिथे धुडगूस घातला आणि बंधने आणावी लागली, तरी उपासनेसाठी माणसे तिथे येत राहिली. म्हणजे हा प्रश्न महामारीने जन्माला घातलेला नाही.

पण उघड्यावर उपदेश ऐकून हजारो माणसे जागी झाली, तरी ती टिकली ती दुसऱ्याच एका गोष्टीमुळे, आणि तिथेच माझा मुख्य मुद्दा आहे. ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज झाले होते. फेब्रुवारी १७४२ मध्ये ते कसे फेडावे याचा विचार चालू असताना फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. पुष्कळ जण गरीब आहेत, त्यांना तेवढेही परवडणार नाही, अशी शंका निघाली. तेव्हा त्याने सांगितले की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा, त्यांना जमले नाही तर त्यांचे मी भरीन, आणि तुम्हीही प्रत्येकाने असेच अकरा शेजारी घेऊन दर आठवड्याला त्यांच्याकडे जा. पुढारी पेनी गोळा करायला घरोघर जाऊ लागले आणि त्यांना दारात उभे राहिल्यावर घरातली स्थिती दिसू लागली: कोण आजारी आहे, कोण पुन्हा दारूकडे वळले आहे, कोणाचे घरात पटत नाही. आपण इतके दिवस शोधत होतो ती गोष्ट हीच, हे वेस्ली यांनी ताबडतोब ओळखले. घरोघर हिंडणे अवघड जाऊ लागल्यावर ती बारा माणसे आठवड्यातून एकदा एका ठिकाणी जमू लागली आणि मेथडिस्टांचे ‘क्लास’ सुरू झाले.

आता आमच्याकडे पाहा. अर्पणाची थैली फिरवता येत नव्हती म्हणून पडद्यावर क्यूआर कोड आला. सोय उत्तम झाली, हिशेब स्वच्छ झाला, परगावच्या सभासदांचे दानही नियमित येऊ लागले. मात्र फॉयच्या पेनीने माणसाला माणसाच्या दारी नेले होते, आणि क्यूआर कोडने ते दार वाटेतून काढूनच टाकले. पैसे आले एवढ्यावरून घर सुखरूप आहे असे आम्ही धरून चाललो असतो, तर कित्येक घरांतली उपासमार आणि आजार आम्हाला कळलेच नसते. बुधवारची सभा सुरू झाली ती याच काळजीतून: मंडळीची यादी घेऊन महिला मंडळातील एका ताईंनी भागवार गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक पुढारी नेमून दिला.

या सभेचे स्वरूप अगदी साधे आहे. एक गीत, पवित्रशास्त्रातला एक उतारा, आणि मग पुढारी एकेकाला नाव घेऊन विचारतो की हा आठवडा कसा गेला. रविवारच्या प्रक्षेपणात दोनशे माणसे पाहत असली तरी कोणाला कोणी काही विचारत नाही. इथे मात्र गप्प बसून राहता येत नाही. आमच्या गटात एक आजी आहेत. सुरुवातीला त्यांच्या पडद्यावर फक्त छताचा पंखा दिसायचा. “आजी, आवाज येत नाही, तो लाल माइक दाबा,” असे नातवाने आतून ओरडून सांगायचे, मग मोबाइल हिंदकळायचा, चष्मा दिसायचा, आणि आजी पहिल्यांदा सर्वांना सलाम करून मगच बोलायच्या. एका बुधवारी त्यांचा क्रम आला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत, पण मुलाचा पगार अर्ध्यावर आला असल्याने त्याला सांगवत नाही. तीच गोष्ट त्यांनी रविवारी चर्चच्या दारात, शंभर माणसांच्या घाईत, कोणालाही सांगितली नसती. दुसऱ्या दिवशी गोळ्या पोहोचल्या. विनाशुल्क सभेची चाळीस मिनिटांची मर्यादा संपून प्रार्थना मधेच तुटायची, तेव्हा सगळे पुन्हा जोडले जाऊन तीच प्रार्थना पुढे सुरू करायचे.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत या गटांनी जे केले त्याचे मोल तर शब्दांत सांगणे कठीण आहे. दफनाला जाण्याची मुभा मोजक्याच माणसांना होती. अनेक कुटुंबांनी आपल्या माणसाला निरोप दिला तो मोबाइलवर, आणि त्या रात्री त्यांच्यासोबत पडद्यावर जागे राहिले ते त्यांच्या गटाचे लोक. मोठी उपासना कोणालाही दाखवता येते. ही सोबत ओळखीच्या बारा माणसांखेरीज कोणी देऊ शकत नाही.

मुंबईकरांना हे परके वाटू नये. १८७१ च्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट उपदेशक विल्यम टेलर मुंबईत आले तेव्हा त्यांच्याकडे ना इमारत होती ना परदेशी निधी. सभांतून ज्यांच्या मनात पालट झाला त्यांना त्यांनी घरांत भरणाऱ्या छोट्या गटांत बांधले, प्रत्येक गटाला पुढारी दिला, आणि त्या घरांतूनच इथली मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. आज आपण ज्यांना सभासदांची यादी म्हणतो ते तेव्हा एकमेकांच्या दिवाणखान्यात बसणारे लोक होते.

तरीही सर्वच गोष्टी पडद्यावर नेता येतील असे मी म्हणत नाही. वेस्ली यांनी १७४३ साली घालून दिलेल्या सामान्य नियमांत देवाच्या विधींची यादी आहे: सार्वजनिक उपासना, वचनाची सेवा, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षरस घेण्याचा संस्कार), कौटुंबिक व खाजगी प्रार्थना, शास्त्राचा अभ्यास आणि उपास. यांपैकी शेवटचे तीन घरी बसून उत्तम होतात, किंबहुना घरीच व्हायचे असतात. प्रभुभोजनाबाबत मात्र मेथडिस्टांमध्ये एकमत नाही. अमेरिकेत २०२० साली काही बिशपांनी ऑनलाइन प्रभुभोजनाला परवानगी दिली, काहींनी दिली नाही. ब्रिटनच्या मेथडिस्ट कॉन्फरन्सने, म्हणजे तिथल्या चर्चच्या निर्णय घेणाऱ्या सभेने, २०२१ मध्ये तीन वर्षांच्या प्रयोगापुरती ती दिली. आमच्या मंडळीने ते थांबवले, आणि ते योग्यच झाले असे मला आजही वाटते. एका भाकरीचे तुकडे करून ते एकमेकांच्या शेजारी गुडघे टेकलेल्यांच्या हातांवर ठेवले जातात. प्रत्येकाने आपल्या स्वयंपाकघरातून पाव काढून कॅमेऱ्यासमोर खाल्ला तर त्यातली ती एक भाकरी कुठे राहते, याचे समाधानकारक उत्तर मला कोणी दिलेले नाही. त्याऐवजी आम्ही मोरावियन बंधू या जुन्या प्रोटेस्टंट पंथाकडून वेस्ली यांनी घेतलेले प्रीतिभोजन केले. त्याला दीक्षित पाळक लागत नाही आणि तो संस्कारही नाही. साधी भाकरी, पाणी आणि एकमेकांच्या साक्षी एवढेच त्यात असते. ज्वारीची भाकरी हातात धरून लोकांनी दिलेल्या त्या साक्षी ऐकताना प्रभुभोजनाची भूक कमी झाली नाही, उलट वाढली, आणि ती वाढायलाच हवी होती. १६ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यातली प्रार्थनास्थळे उघडल्यावर जे चर्चला येऊ शकत नव्हते त्यांच्या घरी पाळकसाहेब स्वतः प्रभुभोजन घेऊन गेले.

त्या वर्षअखेरीस रात्रीची संचारबंदी होती, त्यामुळे ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीची उपासना चर्चमध्ये होणे शक्य नव्हते. कराराचे, म्हणजे देवाला स्वतःला नव्याने वाहून घेण्याच्या प्रार्थनेचे, शब्द आम्ही घरोघरून, गटागटाने म्हटले: तुला हवे त्या कामाला मला लाव, नको असेल तर बाजूला ठेव, अशा आशयाचे ते शब्द वेस्ली यांच्या काळापासून मेथडिस्ट वर्षारंभी म्हणत आले आहेत. नोकरी गेलेले, आजारातून उठलेले लोक ते म्हणत होते, आणि ‘बाजूला ठेव’ हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

आता एक अडचण उरते आणि ती खास आपली आहे. आपल्याकडे पाळकांची नेमणूक बिशप रीजनल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विभागाच्या सभेत, करतात आणि काही वर्षांनी बदली होते. पूर्वी बदली झाली की निरोप समारंभ व्हायचा आणि मंडळी नव्या पाळकांना आपलेसे करायची. आता जुन्या पाळकांची उपासना त्यांच्या नव्या गावाहून यूट्यूबवर दिसते, आणि आपल्यातली काही कुटुंबे रविवारी घरी बसून तीच पाहतात. त्या पाळकांवरचे प्रेम मी समजू शकतो. पण आपल्या गल्लीतल्या आजारी माणसाकडे ते पाळक येऊ शकत नाहीत, आणि ज्यांचे नाव घेऊन कोणी विचारत नाही अशी ही कुटुंबे हळूहळू सर्वच मंडळींच्या यादीबाहेर जातात. म्हणून येत्या पाळक समितीपुढे माझी सूचना अशी राहील की रविवारचे प्रक्षेपण अंथरुणाला खिळलेल्यांसाठी चालू ठेवावे, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा कोणीतरी प्रत्यक्ष जावे, आणि बुधवारच्या प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याने अशा घरी बसलेल्या दोन कुटुंबांना स्वतः फोन करून आपल्या सभेत बोलवावे. आमच्या गटाकडे आलेल्या दोन नावांपैकी एका घरी मी या आठवड्यात फोन केला आहे. त्यांनी बुधवारी जोडले जाण्याचे कबूल केले असून, संध्याकाळी साडेसातला मुलांचा अभ्यास असतो म्हणून सभा आठला ठेवावी अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही मान्य केली आहे.